आधी मी बघते

गुरुवारी रात्री शाल्मली झोपली की
उद्याचा सिनेमा आधी मी एकटी बघते,
आवाज बंद करून, पळवत पळवत,
तांदूळ निवडावेत तसा.

हा नको, शिव्या आहेत.
हा चालला असता, पण चाळिसाव्या मिनिटाला
नायिका उगाच भिजते.
कुत्र्याचा एक चांगला होता.
कुत्रा मरतो.

इथल्या थिएटरात सगळं कापूनच येतं,
घरी कात्री माझ्या हातात.
रुवीतल्या दोन खोल्या, एसीची घरघर,
खाली कराकवाल्याचं शटर अजून उघडं.
उन्मेष सोहारहून सकाळी येईल.
अकरा वर्षांची पोर,
कार्टूनला नाक मुरडते,
आमचं अजून पेलायचं नाही.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर
तीच रिमोट घेऊन बसली.
"आजचा मी निवडलाय. परवा बघून ठेवला,
तू ऑफिसात होतीस तेव्हा."

माझ्या पोटात गोळा.
निवडता निवडता काय काय पाहिलं असेल हिनं?

"तुला चालेल गं," ती म्हणाली,
"एक आजोबा आहेत त्यात,
ते शेवटपर्यंत असतात.
आणि विमान
वेळेवर पोचतं."