लेटरहेड

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळ,
एका मोच्याच्या दुकानावर आमचं कार्यालय.
खाली दिवसभर हातोडी चालते,
वर ठराव.

पत्रकं मी टाइप करते.
सप्टेंबरात लिहिलं : आम्ही अकरा विरोधी पक्ष.
अकरा चिन्हं एका ओळीत मावेनात
म्हणून छापखान्यातल्या ओतियाने
द्राक्षाचा घड बारीक केला, घोडा बारीक केला,
आणि घोडेवाले त्याच रात्री उठून गेले.
दहा.

मग नोदार.
भांडण नाही, तंटा नाही.
हीटर तेवढा त्याने स्वतः उचलला,
वायर मनगटाला गुंडाळली
आणि जिन्यात थांबून म्हणाला,
पावती माझ्या नावावर आहे.
होतीच.
तो हिवाळा आम्ही कोट न काढता
एकजुटीवर बोललो.

नऊ. पुढे साडेआठ,
कारण गोचाचा पक्ष मधोमध उसवला,
अर्धा कुंपणावर, अर्धा त्याच्या मेहुण्याकडे.
साडेआठ कसं लिहायचं, विचारलं.
अध्यक्ष खिडकीबाहेर बघत म्हणाले,
आकडा काढ. "सर्व" लिही.

तेव्हापासून मी सर्व लिहिते.
किती होते ते मला
चहाच्या ग्लासांवरून कळतं.

ग्लास विसळते त्सिरा.
ती वरच्या डोंगरातली, स्वानेतीची,
जिथे मेपर्यंत रस्ता उघडत नाही.
एकदा पाणी गरम होईपर्यंत तिने सांगितलं
की तिच्या बोलीत दोन शब्द आहेत :
एकात समोरचा माणूस आपल्यात बसतो,
दुसऱ्यात तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो.
मी म्हटलं, आमच्या भाषेत एकच. च्वेन.
ती म्हणाली, ठाऊक आहे.
म्हणून तर मी दारामागून तुमचं बोलणं
माझ्या बोलीत लावून ऐकते.
चहा घेऊन जाते तेव्हा आत "आपण" असतं.
ग्लास उचलायला जाते
तेव्हा "आम्ही" झालेलं असतं.
आणि कोण निघणार
हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं.

मी हसले नाही.
नोदारच्या वेळी तिने
एक ग्लास आधीच फडताळात ठेवला होता.

मार्चमध्ये नोदार आला.
बगलेत हीटर, मागे चौघं नवे,
त्यांचा पक्ष मंगळवारी स्थापन झालेला.
कुणी काही विचारलं नाही.
त्याने त्याच सॉकेटमध्ये पिन घातली,
सगळ्यांनी तळवे पुढे केले,
अगदी त्याला गद्दार म्हणणाऱ्या मेराबनेसुद्धा.
त्याचे तळ लावायला दिलेले बूट
मोच्याने इतके महिने फळीवर ठेवले होते.
परत येतात, तो म्हणे, बूट चांगले असले तर.

घोडेवाल्यांचाही फोन आला आहे :
घोडा किती इंचाचा असेल?

उद्या यादी द्यायची शेवटची तारीख.
मोजले तर पुन्हा अकरा भरतात,
पण हे ते अकरा नव्हेत.
रात्रीचे साडेदहा. मी लिहिलं, च्वेन,
आणि बोटं थांबली.
दाराच्या फटीतून त्सिरा दिसत होती,
ट्रेमध्ये ग्लास मांडत.
अकरा मांडले.
आतून येणारा आवाज जरा ऐकला.
मग एक उचलला,
फडताळापर्यंत नेला, परत आणला
आणि पालथा ठेवला.