पान पाच

दुपारचे तीन. औलूत केव्हाच काळोख पडलाय.
हिल्पा कारिनिएमी मोठ्या कागदांची चळत
टेबलावर आपटून सारखी करते,
पिवळ्या मार्करचं टोपण दातांनी ओढते.
"बोलायचं नाही, एतू.
बोर्ड कारखान्यात जाईल, तेव्हा
समजावायला तू सोबत नसशील.
जे सांगायचं ते कागदानं सांगावं."

मी गप्प.
रेनडिअरच्या गळ्यातला पट्टा आहे हा:
बॅटरी, अँटेना, नखाएवढी चिप.
उणे चाळिसात दोन हिवाळे निघायला हवेत.
पानं सात. संगणकानं शून्य चुका दाखवल्यात.

ती एकेक तार बोटानं धरते,
निघाली तिथून टेकते तिथवर,
मग पिवळी करते.
पिवळं नाही ते अजून खरं नाही.

"हा कॅपॅसिटर उणे पंचविसाला मान टाकतो.
तुझा रेनडिअर नाही टाकणार."
लाल फुली.
"रिसेटची पिन अधांतरी. कोरड्या थंडीत
केसांना घासली तरी दचकेल."
फुली.
तिसऱ्या पानावर बॅटरीची तार दोन नावांनी:
एकीत अधोरेषा, दुसरीत नाही.
मी त्यांना एकच समजत होतो.
कागदावर त्यांची ओळखसुद्धा नव्हती.

पाचव्या पानावर बोट अडतं.
ट्रान्झिस्टर. दोन आणि तीन नंबरचे पाय उलटे.
"हा मी नाही काढला," मी नियम मोडतो,
"आपल्या लायब्ररीतून उचललाय."

ती पडद्यावर चिन्ह उघडते.
कोपऱ्यात बारीक अक्षरं: ह. का.
अठरा वर्षांपूर्वीचा मार्च.

हीटरचा पाइप टकटक करत राहतो.

"बर्फाची जाडी मोजायचं यंत्र होतं," ती म्हणते.
"चाळीस बोर्ड आले. चाळीसही मुके.
रात्रभर बसून एकेकाचे पाय
चिमट्यानं तिढा घालून जोडले मी.
सकाळी साहेबांनी केक आणला. दालचिनीचा."
मार्कर टेबलावर ठेवते.
"बोर्ड दुरुस्त केले.
चित्राकडे परत गेलेच नाही.
नंतर तो भाग कुणी वापरला नाही. आज तू."

यादीत अकरावी ओळ लिहिते.
चूक कुणाची, या रकान्यात
आधीच्या दहांसमोर माझं नाव.
इथे स्वतःचं. पूर्ण. आडनावासकट.

मग कागद उलटते, चष्मा पुसते.
"पान सहा," म्हणते,
"आता बोललास तरी चालेल."