खाली उतरणारं घर

या घरात रस्त्यावरून शिरलं की
आपण सगळ्यात वरच्या मजल्यावर असतो.
मग उतरत जायचं, विहिरीत उतरावं तसं, चार मजले,
प्रत्येकाला समुद्राकडे एकेक खिडकी.
वाल्पराईसोच्या टेकड्यांवर याचं कुणाला नवल नाही.
भाच्याने मात्र आंतोफागास्ताच्या खाणीवरून मला फोनवर विचारलं,
"राउटर वर आहे ना? मग खाली का पोचत नाही?"
पाण्यासारखं वाटतं लोकांना. आपोआप वाहील.

शिडी भिंतीला टेकवली,
फोन हातात धरून जिने उतरले.
उणे बेचाळीस. उणे अठ्ठावन्न.
न्हाणीघरातल्या मोठ्या आरशामागे उणे सत्तर.
भिंती मातीच्या, हातभर जाड,
त्यांवर बाहेरून जस्ताचा नालीदार पत्रा, पिवळा रंगवलेला,
आणि जिन्यालाही आतून तोच,
कुणीतरी कधीतरी उरला म्हणून ठोकून टाकलेला.
पत्र्यापुढे लहरींचं काही चालत नाही.
तळाशी उणे एक्याऐंशी,
आणि स्वेटरवर स्वेटर घालून शिवणयंत्रापाशी एदेल्मिरा बाई.
"वरच्या बाईने पाठवलं तुला?"
वरची बाई म्हणजे सख्खी बहीण.
भाच्याने, मी म्हटलं.
"मग बस."

भाच्याने निवडून ठेवलं होतं एक धूड,
आठ अँटेना, उताण्या पडलेल्या खेकड्यासारखं.
नको म्हटलं.
वरून कितीही मोठ्याने ओरडलं तरी
खालच्या फोनला उत्तर द्यावं लागतं,
आणि त्याचा गळा एवढुसाच.
तीन घ्या, बशीएवढे, छताला लावायचे,
एकाखाली एक नाही, जरा तिरके,
फ्रिजच्या मागे नाही, कपाटात तर नाहीच,
आणि तिघांनाही तार.
"बिनतारीला तार?" वरून ओर्तेन्सिया बाई.
शेवटची चार पावलं बिनतारी, बाई.
बाकी सगळं तारेवरच चालतं.

तारेला वाट शोधता शोधता
स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सापडलं एक भोक,
जुन्या गॅसच्या नळीचं. नळी गेलेली,
भोकात बाटलीचं बूच, बुचाभोवती फडकं.
बूच उपटलं तसा खालून कांदा परतल्याचा वास आला,
मागोमाग शिवणयंत्राची खडखड.
ओर्तेन्सिया बाई हातात कढई घेऊन उभ्या राहिल्या.
"अजून तेच मशीन," त्या म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळाने,
"तेल घालत नाही ती."
खालून आवाज आला, "कोण बोलतंय वर?"
बाईंनी मला बूच दिलं.
"तार गेली की परत लाव."
मी चाकूने बुचाला खाच पाडली, तारेपुरती.

संध्याकाळी सगळं सुरू झालं.
एक, सहा, अकरा, तिघांना वेगवेगळे चॅनेल,
म्हणजे एकमेकांच्या बोलण्यात बोलणार नाहीत.
ओर्तेन्सिया बाईंचा फोन घेऊन मीच खाली गेले,
त्या येत नाहीत.
फोन तळाला पोचला तरी
वरच्याच बशीला धरून बसलेला, एका काडीच्या जोरावर,
डोक्यावर दुसरी बशी असताना.
वर जाऊन पहिल्या बशीची ताकद निम्मी केली.
"पैसे मोजलेत मी," त्या म्हणाल्या. "कमी का करतेस?"
(मोजले होते भाच्याने.)
मी सांगितलं, जुनी सोडल्याशिवाय
हा नवी धरत नाही.
त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली
की मी बिलाचा कागद काढला.

शिडी खांद्यावर घेतली, दाराशी आले.
धुकं बंदरातून वर चढत होतं,
खालचे दिवे एकेक करून मिटत होते.
मागे स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज,
मग गुडघ्यांचा,
मग बूच निघाल्याचा.
"तेल घाल त्याला!"
उत्तर आलं नाही.
मशीन मात्र थांबलं.

सवयीने फोन पाहिला. उणे एक्कावन्न.
त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता.