कोऱ्या चकतीचं वजन

सकाळी सहाला मी माणसांच्या कॉलरला पंप लावते.
मुठीएवढा पंप, कमरेला पट्टा,
खांद्यावरून वर आलेली नळी
आणि नाकापासून वीतभर अंतरावर एक पांढरी चकती,
आठ तास त्यांच्या वाट्याची हवा ओढणारी.
"तुमच्याबरोबर हीसुद्धा श्वास घेते," मी सांगते.
"मग माझ्या पगारातून हिला किती?" एउरिकू विचारतो.
सगळे हसतात. हसताना दोघांना ढास लागते.
ती मी लिहीत नाही. खोकल्यासाठी रकाना नाही.

चकतीचं वजन आधी करायचं, मग संध्याकाळी करायचं.
वजाबाकी म्हणजे धूळ.
माझी सगळी नोकरी या एका वजाबाकीवर चालते.

मोंत-अल्व्हारला आता डोंगर नाही.
डोंगराच्या जागी चौकोनी भोक आहे, तळाशी हिरवं पाणी.
बाकीचा डोंगर लिस्बनला गेला, पॅरिसला गेला,
लोकांच्या ओट्यांवर जाऊन बसला.
त्यावर कुणी कांदे चिरत असेल.
आणि थोडासा, फार थोडासा,
इथल्याच माणसांत राहिला.

मालक सेन्योर बाल्तझार सभ्य माणूस.
मी येणार त्या दिवशी प्रत्येक करवतीवर पाणी चालू,
फरशी धुतलेली, मुखवटे नवेकोरे,
घडीच्या रेषासुद्धा मोडलेल्या नाहीत.
निघताना कागदात बांधून अंजिरं देतो. मी परत ठेवते.
फायलीवरचं वजन वेगळं, तराजूवरचं वेगळं.
(पहिल्या वर्षी एकदा घेतली होती. गोड होती.)

अल्बानूची चकती कोरी आली.
कोरी म्हणजे कोरीच, दशांश चिन्हापुढे नुसती शून्यं.
माझ्या स्वयंपाकघरात याहून जास्त धूळ आहे.
त्यानं पंप काढून कपाटात टांगला होता.
आठ तास मी त्याच्या रविवारच्या कोटाची हवा मोजली.
का, ते विचारलं नाही.
कारखाना बंद पडला तर गावात उरतं काय?
एक बेकरी. एक कब्रस्तान. तेही भरत आलेलं.

गुरुवारी झुल्मीरा आली, अल्बानूची बायको,
तीन तास बसनं,
मांडीवर उशीचा अभ्रा, तोंड सुतळीनं आवळलेलं.
"हे त्याच्या शर्टांतलं.
आधी धुण्यापूर्वी मागच्या अंगणात झटकायचे.
मे महिन्यापासून यात झटकते.
करा वजन."

याची पद्धत नाही, मी म्हणाले.
नमुना सीलबंद लागतो, पंपाचा क्रमांक लागतो,
मिनिटाला किती लिटर, ते लागतं.
शाळेतल्या मुलीसारखी ती ऐकत राहिली.
मग म्हणाली, "तराजू तर आहे ना?"

माझ्या तराजूला पापणीचा केस कळतो.
शेजारच्या खोलीत दार आपटलं तरी तो बिथरतो.
त्यावर अभ्रा मावला नसता.
तळमजल्यावर पार्सलांचा काटा आहे, तिथे ठेवला.
एकशे दहा ग्रॅम.
"जास्त आहे का?" तिनं विचारलं,
भाजीवालीला विचारावं तसं.

झटकताना श्वास रोखता का, मी विचारलं.
"रोखते. पण मग घ्यावाच लागतो ना."

तो आकडा मी शिसपेन्सिलीनं लिहिला,
अहवालात नाही, पाठकोऱ्या कागदावर.

मंगळवारी गेले, न कळवता.
करवती कोरड्या चालत होत्या.
पाण्याच्या तोटीत कोळ्याचं जाळं, जुनं,
त्यातल्या माशासुद्धा पांढऱ्या.
बाल्तझार हसत आला, मग हसणं तोंडावरच विसरला.
अल्बानू माझ्याकडे बघेना.
पंप चालू करून मी त्याच्यासमोर उभी,
चकती कुणाचीच नसलेली हवा ओढत होती.
किती मिनिटं, ते नोंदवायला हवं होतं. राहिलं.

मग, करवतीवरून नजर न काढता,
त्यानं हनुवटी किंचित वर केली,
न्हाव्यापुढे करतात तशी.