पाणी चढवणाऱ्याचा जबाब
(यानजिंग, स्वारीनंतरचा दुसरा हिवाळा)

लिहा, कारकूनसाहेब. नाव छू, सहावा.
आधी पाच भाऊ, म्हणून सहावा.
दुसरं नाव ठेवायला कुणाला सवड झाली नाही.
काम: बियेनजिंगच्या घड्याळ-मनोऱ्यात, तळमजल्यावर,
खाली आलेलं पाणी रहाटानं परत वर नेणं.
वर्षं एकोणीस.

नाही, यंत्र मी बांधलं नाही.
नकाशे काढणारे साहेब कधीच वारले.
म्हातारा सुतार मियाओ पिवळी नदी ओलांडताना
गाडीतच गेला, दातेरी चाकांच्या ढिगावर डोकं ठेवून.
उरलो मी.
म्हणून मला विचारताय
आकाश का चालत नाही.

आकाश मी पाहिलं नव्हतं हो.
माझ्या डोक्यावर फळ्या, फळ्यांवर मोठं चाक,
चाकाच्या कडेनं छत्तीस पळ्या.
धार एका पळीत पडायची. ती भरेपर्यंत
चाक जागचं हलायचं नाही.
भरली, की वजनानं खटका सुटायचा,
चाक एक घर पुढे,
आणि वरचा अडसर पुन्हा आडवा.
खट्.
एवढंच ऐकलंय मी आयुष्यभर.
मियाओ म्हणायचा, चाक काय, ओढासुद्धा फिरवतो.
त्याला थांबायला शिकवण्यात
आमचे चार हिवाळे गेले.

माझी मुलगी बाहेर गर्दीत उभी राहायची,
मजल्या-मजल्यावरच्या दारांतून येणाऱ्या
लाकडी बाहुल्या बघत:
तांबडा झगा घंटा वाजवतो, हिरवा पाटी धरतो,
जांभळ्याचं काय ते विसरलो.
घरी येऊन विचारायची, बाबा, तू त्यातला कुठला?
मी पाणी वर चढवतो.
मग?
मग ते खाली येतं.
मग?
मग झोप आता.

हेही लिहा, आता कुणाचं काय बिघडणार आहे.
एका रात्री मला डुलकी लागली.
वरची टाकी उतरली, धार बारीक झाली,
पळी भरता भरेना.
त्या दिवशी पहाट उशिरा झाली.
दरबार उशिरा भरला, वेशी उशिरा उघडल्या,
भाजीवाले शिव्या घालत राहिले कोंबड्यांना.
पाणी कुठे मुरलं
ते मला एकट्याला ठाऊक.

तर तुमचा प्रश्न.
गाडीच्या हिसक्यांनी दाते मोडलेत, ते बसवता येतील.
लाकूड फुगलंय, उन्हाळ्यात आवळेल.
पण परवा तुम्ही मला पहिल्यांदाच वर चढवलंत
आणि नळीला डोळा लावायला सांगितलंत.
मियाओ म्हणायचा, नळीत ध्रुव दिसलाच पाहिजे,
नाहीतर खालचं सगळं खोटं.
दिसला नाही.
नळीबाहेर पाहिलं, तर होता,
इथे तो तीन बोटं वर राहतो.
घंटा आणलीत, चाकं आणलीत, खिळेसुद्धा मोजून आणलेत.
तो काही गाडीत मावला नसणार.

नळीखाली पाचर ठोकून बघा. मी अडाणी माणूस.
पाण्याचं म्हणाल तर रहाट लावा, मी चढवतो.
बियेनजिंगचं असो, इथलं असो,
ओझं तेवढंच.

एक राहिलं.
बाहुल्या पोत्यांत भरून आल्यात, सगळ्या एकत्र.
कुठल्या झग्यामागून कुठला झगा, कुणाच्या हाती काय,
मला माहीत नाही, मी खालीच होतो.
माझ्या मुलीला ठाऊक आहे. रोज बघायची ती.
छू वान, वय बारा, डाव्या भुवईत खोक.
कैद्यांच्या तिसऱ्या तांड्यात होती, नदीपर्यंत.
तुमच्या यादीत बघा.
तिच्याशिवाय त्यांचा क्रम लागायचा नाही.
हे खरं आहे.
लिहा ना साहेब, खरं आहे म्हणून लिहा.