प आधी, र नंतर

बिल्स्टनच्या कामगार क्लबाच्या भिंतीवर
नगरपालिका निळी पाटी लावतेय.
फोनवरची मुलगी फार नम्र.
म्हणाली, मिस्टर पेम्बर्टन,
नावाचं स्पेलिंग जरा सांगाल?
सांगितलं. एकेक अक्षर, सावकाश.
पंचावन्न वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

वर्णमालेत प आधी येतो, र नंतर.
तरी पोस्टरवर रेबोल्ड आधी,
मग पेम्बर्टन, बारीक टायपात,
मग नुसताच रेबोल्ड.
वर्ण आला की माळ उलटी ओवायची,
हे शाळेत नाही,
व्हॅनमध्ये शिकलो.

व्हॅन नॉर्मनच्या मामाची, भाजीची.
अँप्लिफायरला कांद्याचा वास यायचा.
तो ओतशाळेत, मी बसच्या गॅरेजात,
शुक्रवारी पाच वाजता घासून घासून हात धुवायचो.
त्याचे धुऊन गोरे व्हायचे.
माझे, फक्त स्वच्छ.
यावर हसायचो आम्ही.
तो आधी. मग मी.

क्लबचे सेक्रेटरी मिस्टर टिमिन्स, भला माणूस.
"स्टेजवर याला हरकत नाही.
बारवर मात्र सभासदांची हरकत आहे."
म्हणजे वाजवेपर्यंत मी आत,
तहान लागली की बाहेर.
त्या रात्री नॉर्मननं दोन ग्लास उचलले,
काठोकाठ भरलेले, थेंब न सांडता
पार्किंग ओलांडून आला,
व्हॅनच्या मागच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला.
फेब्रुवारी. दोघांचे दात वाजत होते.
"आत हीटर आहे," मी म्हटलं.
"आत टिमिन्स आहे," तो म्हणाला.

मित्र म्हणजे काय, कुणी विचारलं
तर अजूनही मी एवढंच सांगेन.
पण गोष्ट एवढीच नाही.

लंडनला रेकॉर्ड कंपनीचा गालिचा इतका जाड
की आपलं पाऊल आपल्याला ऐकू येईना.
फोटो दोघांचे काढले, कव्हरवर छापला एकाचा.
कडेला माझा डावा हात चुकून राहिला,
मनगटापाशी कापलेला, गिटारच्या मानेवर.
लोकांना वाटायचं, सावली आहे.

नॉर्मननं सही केली.
त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
गाणं अकराव्या नंबरवर गेलं, मग चौथ्या.
टीव्हीवर कुणी म्हणालं, ती सुरुवातीची धून सुचली कशी?
"अशीच," तो म्हणाला,
"स्वयंपाकघरात बसलो होतो."
स्वयंपाकघर खरं.
माझ्या आईचं. मागे ती खारा मासा तळत होती,
आणि माझ्या बोटांना तेल लागलेलं.
बसलो होतो, हेही खरं.
एकटा की दोघं,
ते त्या क्रियापदावरून कळत नाही.
त्या फटीत त्यानं अख्खं आयुष्य काढलं.

दर तीन महिन्यांनी चेक यायचा.
अर्धा. पेनीपर्यंत अर्धा.
वकिलाचा नव्हे, त्याच्या वाकड्या अक्षरात.
हिशोबाला एवढा चोख माणूस
शब्दाला का नसावा?
मी चेक वटवले. छप्पर घातलं.
ऑर्लीन नर्स झाली.
पत्रकार आले तेव्हा मूग गिळून बसलो.
मी म्हणतो, निष्ठा.
ऑर्लीन म्हणते, "डॅडी, पगार म्हणा."
रात्री झोप लागत नाही तेव्हा
दोन्ही शब्द उचलून बघतो, कुठला जड.

पाटीचा दिवस. छोटा पडदा, दोरी, महापौर.
माझं नाव आधी होतं. स्पेलिंग बरोबर.
टाळ्या ओसरल्यावर मी पुढच्या दारानं आत गेलो,
बारवर कोपर टेकलं.
पोरगी म्हणाली, "काय देऊ, आजोबा?"
इतकं सोपं होतं ते.
राग आला.

खिडकीतून पार्किंग दिसतं.
तिथं नॉर्मन.
मागच्या दारानं कधी बाहेर पडला कोण जाणे.
काठी काखेत, हातांत दोन ग्लास,
बुटांवर सांडत,
एकेका गाडीमागे वाकून बघतोय.

काच वाजवली तर ऐकू जाईल, एवढंच अंतर.
वाजवेन.
आधी हा घोट संपू दे.