दिवाणाखालचं आंबळे

गोधड्या माळ्यावर गेल्या
आणि दिवाणाच्या खणात
तीन फूट बाय चौदा इंच जागा मोकळी झाली.
अप्परच्या आमच्या खोलीत तेवढीच.
त्यात यांनी रेल्वे घालायला घेतली.

बोहरी आळीत विचारलं, नऊ मिलिमीटरचे रूळ आहेत का.
'पडद्याचे देऊ?' म्हणाला दुकानदार.
शेवटी कुठूनसे मागवले,
किंमत मला अजून सांगितलेली नाही.

गोल फिरवायचं तर
गाडी न्हाणीघरात जाते.
म्हणून एकच स्टेशन, सरळ, दोन रुळांचं:
आंबळे.
मिरजेहून येताना, घाट उतरायच्या आधीचं.

प्रमाण एकास एकशे साठ.
समोरच्या बांधकामावरची वाळू
माझ्या मैद्याच्या चाळणीतून उतरली, खडी झाली.
चाळणी आता त्यांचीच.
हिरव्या घासणीच्या बाभळी.
माणसं तांदळाची:
बासमती म्हणजे मोठं माणूस,
आंबेमोहोर म्हणजे पोर.
एकदा पोरकिडे लागले,
सकाळी फलाटावर निम्मे प्रवासी पोकळ.
तेव्हापासून आधी वार्निश.

रुळांपलीकडे पाटीवाली बाई,
पाटीत खसखशीचे सात दाणे.
हातात भिंग देऊन हे म्हणाले, मोठी झाली का गं सीताफळं?
मी म्हटलं, नारळाएवढी.
तशीच होती, म्हणाले.

मला सीताफळं आठवत नाहीत.
मला मांडीवरची पिशवी आठवते,
दवाखान्याच्या फायलीनं तिची चेन लागत नव्हती.
मार्ग एकेरी होता तेव्हा.
समोरून गाडी यायची होती.
चार वर्षांचा सौमित्र, ऑक्टोबरात माकडटोपी घालून,
खिडकीच्या कडेवर बिया मोजत होता.
त्याला छत्तीसपर्यंत यायचं,
मग पुन्हा एक.
चाळीस मिनिटं
आम्हाला कुणी काही विचारलं नाही.
पुणं अजून यायचं होतं.

इंजिन आहे, बटण आहे, वीज आहे.
हे गाडी चालवत नाहीत.
रात्री खण ओढतात,
तिसऱ्या खिडकीतला आंबेमोहोर
नखानं सरळ करतात,
खण लोटतात.
समोरून येणाऱ्या गाडीसाठी रूळ घातलाय,
ती गाडी घेतलेलीच नाही.
मी एकदा म्हटलं, घ्या की, माझ्या भिशीतून घ्या.
म्हणाले, बघू.

परवा सौमित्र आला होता.
तीस वर्षांचा, कपाळावर केस,
चार्जर शोधत भलताच खण ओढला त्यानं
आणि उकिडवा बसून राहिला.
'बाबा, ही का थांबलीय?'

हे चष्मा पुसत बसले.
माझे हात कणकेत.
ओट्यापाशूनच म्हटलं,
क्रॉसिंगला.